‘ट्रॅफिक होतं’ म्हणून भागत नाही: भिवंडीची कोंडी मोबाईलच्या जीपीएसने कशी मोजायची?

धामणकर नाक्यावर उभं राहून कुणालाही विचारा, ठाण्याला पोहोचायला किती वेळ लागेल? उत्तर ठरलेलं आहे. “ट्रॅफिकवर आहे, भाई.” कधी अर्धा तास, कधी दीड तास, आणि कशेळी पुलाच्या अलीकडे एखादा कंटेनर बंद पडला की मग अल्लाह मालिक. भिवंडीत अंतर किलोमीटरमध्ये सांगण्यात काही अर्थ उरलेला नाही.

तसं पाहिलं तर अंतर वेळेत मोजणं आपल्याला नवीन नाही. हनफी फिक्हमध्ये ‘मुसाफिर’ कोण हे ठरवताना मूळ हिशेब तीन दिवसांच्या चालीचा होता. त्याचे मैल आणि किलोमीटर नंतर केले गेले. रस्ता किती लांब आहे यापेक्षा तो कापायला माणसाला किती त्रास आणि किती वेळ लागतो, हे त्या काळीही महत्त्वाचं मानलं गेलं. आज भिवंडीत प्रश्न तोच आहे. फरक एवढाच की आता प्रत्येकाच्या खिशात हा वेळ सेकंदापर्यंत मोजणारं यंत्र आहे आणि आपण ते फक्त किब्ल्याची दिशा आणि नमाजच्या वेळा बघायला वापरतो.

मोजायचं कशासाठी, असं कुणी विचारेल. कोंडी आहे हे सगळ्यांना दिसतंच की. दिसतं, पण कागदावर येत नाही. मोहल्ल्याचं शिष्टमंडळ निवेदन घेऊन जातं, त्यात ‘तासन्‌तास खोळंबा’ असं लिहिलेलं असतं. समोरचा अधिकारी विचारतो, नेमका कुठे? किती वाजता? रोज की अधूनमधून? तिथे आपण गप्प होतो. दुसऱ्या बाजूला ‘भिवंडीकरांनाच शिस्त नाही’ हे वाक्य कुणीही, कुठल्याही पुराव्याशिवाय बोलून जातो आणि ते खपतं. मोठ्या उपचारासाठी पेशंटला ठाण्याला, कळव्याला किंवा मुंबईला हलवताना अॅम्ब्युलन्समध्ये बसलेल्या घरच्यांना विचारा, या ‘तासन्‌तास’ शब्दाची किंमत काय असते. दहावीच्या मुलाला अकराच्या पेपरला साडेदहाला केंद्रावर हजर राहायचं असतं, आणि टेम्पोवाल्याला तर भाडं फेरीचं मिळतं, तासाचं नाही.

आकाशातून वेळ कशी कळते?

जीपीएस ही अमेरिकेच्या संरक्षण खात्याने उभी केलेली यंत्रणा. पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडला गेला आणि १९९५ मध्ये ती पूर्ण क्षमतेने सुरू झाल्याचं जाहीर झालं. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर हे उपग्रह फिरतात. प्रत्येकात अतिशय अचूक अणुघड्याळ असतं. उपग्रह सतत एवढंच सांगत असतो की मी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात आता एवढे वाजलेत. हा रेडिओ संदेश प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर वेगाने येतो. संदेश निघाला कधी आणि पोहोचला कधी यातल्या फरकावरून मोबाईल त्या उपग्रहापासूनचं आपलं अंतर काढतो. तीन उपग्रहांची अंतरं मिळाली की जागा ठरायला हवी. पण आपल्या मोबाईलचं घड्याळ अणुघड्याळाइतकं पक्कं नसतं, म्हणून ती चूक दुरुस्त करायला चौथा उपग्रह लागतो. ही चूक किरकोळ समजू नका. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची गफलत झाली तरी अंतर ३०० मीटरने चुकतं.

थोडक्यात, जीपीएस हे मुळात घड्याळ आहे, नकाशा नंतरचा. पृथ्वीचा आकार मोजायला अकराव्या शतकात अल-बिरुनी नंदनाच्या किल्ल्याजवळच्या डोंगरावर चढला होता आणि क्षितिज किती अंशाने खाली झुकलेलं दिसतं यावरून त्याने पृथ्वीची त्रिज्या काढली होती. त्याच्याकडे कोन होता, आपल्याकडे वेळ आहे. बाकी भूमिती तीच.

सामान्य लोकांना मिळणारा जीपीएस संदेश अमेरिका पूर्वी मुद्दाम बिघडवून देत असे. ही अट मे २००० मध्ये काढली आणि त्यानंतरच गाडीतला जीपीएस खऱ्या अर्थाने कामाचा झाला. आज मोकळ्या आकाशाखाली चांगला मोबाईल साधारण पाच मीटरच्या आसपास अचूक जागा दाखवतो. रशियाचा ग्लोनास, युरोपचा गॅलिलिओ, भारताचा नाविक या यंत्रणाही आजचे बरेच मोबाईल सोबत वापरतात. आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. उपग्रहाचा संदेश ऐकायला नेट लागत नाही, रिचार्जही लागत नाही. नेट लागतं ते नकाशा उघडायला आणि जागा पटकन सापडायला.

स्टॉपवॉच, नंबरप्लेट आणि आताचा मोबाईल

जीपीएसच्या आधी हे काम माणसं करत. एक जण गाडी चालवायचा, दुसरा हातात स्टॉपवॉच आणि कागद घेऊन बसायचा. प्रत्येक चौकात वेळ लिहायची, गाडी थांबली की थांबल्याची वेळ, निघाली की निघाल्याची. चालकाला एक गमतीशीर सूचना असे: जितक्या गाड्या तुम्हाला मागे टाकतील, तितक्याच गाड्या तुम्ही मागे टाका. म्हणजे तुमची गाडी रस्त्यावरच्या सरासरी गाडीसारखी चालेल. ब्रिटनमध्ये वॉर्डरॉप आणि चार्ल्सवर्थ या दोघांनी १९५४ मध्ये याच्या पुढची पद्धत मांडली. धावत्या गाडीतून समोरून येणाऱ्या, आपल्याला मागे टाकणाऱ्या आणि आपण मागे टाकलेल्या गाड्या मोजायच्या आणि त्यावरून रस्त्यावरची वाहनसंख्या आणि वेग दोन्ही काढायचे. वाहतूक अभियांत्रिकीच्या वर्गात ती अजून शिकवली जाते. रस्त्याच्या दोन टोकांना माणसं बसवून नंबरप्लेटी लिहून घ्यायच्या आणि नंतर जुळवायच्या, हीसुद्धा एक पद्धत होती.

हे सगळं खर्चिक होतं. म्हणून वर्षातून एखाद्या दिवशी सर्वेक्षण व्हायचं आणि त्या एका दिवसावर रस्त्याचं भवितव्य ठरायचं. मोबाईलने हे बदललं. आपण खिशात फोन ठेवून चालतो तेव्हा लोकेशन सुरू असेल तर जागा आणि वेग यांच्या नोंदी नकाशा बनवणाऱ्या कंपनीकडे जात असतात. एका रस्त्यावरच्या अनेक फोनचा वेग मंदावला की नकाशावरची रेघ नारिंगी होते, मग लाल, मग गडद लाल.

पण ही लाल रेघ म्हणजे काही पूर्ण सत्य नाही. बर्लिनमध्ये २०२० साली सिमॉन वेकर्ट या कलाकाराने ९९ मोबाईल एका हातगाडीत ठेवले आणि मोकळ्या रस्त्यावरून ती गाडी हळूहळू ओढली. नकाशावर तो रस्ता लाल झाला! आपल्याकडे उलटा प्रकार होतो. कोंडीत कंटेनर, टेम्पो आणि बस जागच्या जागी उभ्या असतात, पण दुचाकीवाले फटीतून निघून जातात. त्यांचे फोन ‘रस्ता चालू आहे’ असं सांगत असतात. कंपन्यांना हे ठाऊक आहे. भारतात २०१७ मध्ये दुचाकीसाठी वेगळा मार्ग दाखवण्याची सोय आली ती उगाच नाही. तरीही गर्दीत दुचाकी कुठली आणि चारचाकी कुठली हे ओळखण्यात चूक होऊ शकते.

आम्हाला याहून मोठी वाटते ती दुसरी अडचण. सायझिंगमधून बीम नेणारा हातगाडीवाला, साधा फोन बाळगणारा लूम कामगार, नेटपॅक संपलेला हमाल, हे नकाशाच्या हिशेबात येतच नाहीत. ज्याचा फोन बोलतो त्याचाच उशीर मोजला जातो. म्हणूनच आपली मोजणी आपण स्वतः करावी, असं आमचं म्हणणं आहे.

मोजायचं कसं

समजा धामणकर नाका ते कापूरबावडी हा मार्ग घेतला. हे अंतर हिशेबासाठी १२ किलोमीटर धरू. पुढचे आकडेही फक्त रीत समजावी म्हणून घेतले आहेत, ते कुणी पुरावा म्हणून वापरू नयेत.

सर्वात आधी रस्ता मोकळा असताना लागणारा वेळ काढायचा. फजरनंतर लगेच, लूम बंद असतील अशा एखाद्या दिवशी दोन-तीन फेऱ्या करा. समजा ३० मिनिटं लागली. मग संध्याकाळी सहाला तोच रस्ता, तीच गाडी. समजा ७५ मिनिटं. यातली ३० मिनिटं प्रवासाची, वरची ४५ मिनिटं विलंबाची. वाहतुकीच्या भाषेत ‘डिले’ म्हणतात तो हा. ‘७५ मिनिटं लागतात’ ही नुसती तक्रार झाली. ‘४५ मिनिटं वाया जातात’ हे मोजमाप आहे.

इथे सरासरीच्या एका सापळ्यात लोक हमखास अडकतात. जाताना वेग ताशी २४ किलोमीटर, येताना ९.६. दोघांची बेरीज करून निम्मं केलं की १६.८ येतं आणि तेच लिहिलं जातं. चूक! जाऊन-येऊन अंतर २४ किलोमीटर आणि वेळ १०५ मिनिटं, म्हणजे खरा वेग ताशी १३.७. संथ भागात आपण जास्त वेळ अडकलेले असतो, त्यामुळे त्याचं वजन जास्त धरायला हवं. म्हणून वेगांची सरासरी काढू नका. अंतरं बेरजेला घ्या, वेळा बेरजेला घ्या आणि मग भागा.

आता फोनचं काम. जीपीएस लॉगरसारखी फुकट अॅप्स दर पाच सेकंदांनी जागा आणि वेळ लिहून ठेवतात. फोन डॅशबोर्डवर काचेजवळ ठेवायचा, सीटखाली नाही. फेरी संपली की जीपीएक्स नावाची फाईल तयार होते, ती संगणकावर उघडता येते. पहिल्यांदा उघडणारे बुचकळ्यात पडतात कारण संध्याकाळी सहाची फेरी त्यात साडेबाराची दिसते. फाईलमधली वेळ ग्रीनिचची असते, त्यात साडेपाच तास मिळवायचे.

खरी गंमत पुढे आहे. पूर्ण रस्त्याचा एक आकडा फारसा उपयोगाचा नाही, त्याचे तुकडे करायचे. धामणकर नाका ते अंजुरफाटा, तिथून पूर्णा, काल्हेर, कशेळी पूल, बाळकुम, कापूरबावडी. प्रत्येक ठिकाणी गाडी किती वाजता पोहोचली ते फाईलमधून काढा. मग दिसतं की ४५ मिनिटांचा विलंब सगळीकडे सारखा पसरलेला नाही. समजा त्यातली २५ मिनिटं दोनच ठिकाणी जात असतील, तर निवेदनात बारा किलोमीटर लिहायची गरज नाही, ती दोन ठिकाणं लिहा.

याला दुसरंही कारण आहे. भिवंडीच्या रस्त्यावर धनी अनेक आहेत. शहरातले रस्ते महापालिकेकडे. ठाणे–भिवंडी–कल्याण मेट्रो ५ चं काम एमएमआरडीएकडे, आणि हा मार्ग कशेळी, काल्हेर, पूर्णा, अंजुरफाटा असाच येतो. नाशिक महामार्गाचं माजिवडा ते वडपे रुंदीकरण एमएसआरडीसीकडे. वाहतूक नियंत्रण ठाणे शहर पोलिसांच्या वाहतूक शाखेकडे. तुकडा कळला की दार कळतं. नाहीतर एक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवतं आणि आपण शिक्के मारलेल्या पोचपावत्या जमवत बसतो. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला आणि नागपूरहून ७०१ किलोमीटर कापून गाडी आपल्या शेजारच्या आमण्याला उतरू लागली. ती पुढे ठाण्यात कशी शिरते, हा प्रश्न याच तुकड्यांचा आहे.

गाडी थांबली म्हणजे कोंडीच होती असं नाही. रिक्षा सवारीसाठी थांबते, छोटा हत्ती माल उतरवायला थांबतो. फाईलला दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून सोबतच्या माणसाने एक वही ठेवावी: ६.१० ते ६.१८, माल उतरवला. तेवढा वेळ वजा करायचा. उड्डाणपुलाखाली, निजामपुऱ्यासारख्या अरुंद गल्ल्यांत, पत्र्याच्या शेडमध्ये संदेश भिंतींवर आपटून उशिरा येतो आणि गाडी शेजारच्या इमारतीत शिरल्यासारखी दिसते. असे उडालेले बिंदू काढून टाकावेत. पूल आणि त्याखालचा रस्ता यांचीही गल्लत होते, कारण नकाशावर दोन्ही एकाच जागी आहेत. आपण वरून गेलो की खालून, हेही वहीत लिहा.

सरासरीपेक्षा वाईट दिवस मोजा

वीस फेऱ्या झाल्या की वेळा लहान ते मोठ्या अशा ओळीने मांडा. समजा सरासरी ५८ मिनिटं आली, पण एकोणिसावा आकडा ९५ मिनिटांचा आहे. म्हणजे वीसपैकी एकोणीस वेळा ९५ मिनिटांत किंवा त्याआधी पोहोचता आलं. परीक्षेला जाणाऱ्या मुलीच्या कामाची संख्या ५८ नाही, ९५ आहे. ती ५८ धरून निघाली तर एखाद्या दिवशी गेट बंद झालेलं असेल. ९५ धरून निघाली तर बहुतेक दिवशी अर्ध्या तासाहून जास्त वेळ गेटबाहेर बसेल. हा बसून घालवलेला वेळही कोंडीनेच खाल्लेला असतो, पण तो कुठल्याच लाल रेघेत दिसत नाही. डायलिसिसला जाणारा पेशंट, विमानतळावर उमरहच्या प्रवाशांना सोडणारं कुटुंब, सगळे हेच करतात.

धंद्याचा हिशेब तर सरळ आहे. वरच्या उदाहरणातला टेम्पोवाला दिवसातून दोनदा ४५ मिनिटांच्या कोंडीत सापडला तर दीड तास गेला. महिन्याच्या २५ दिवसांत साडेसदतीस तास. आठ तासांचा दिवस धरला तर साडेचार दिवसांहून जास्त. मानकोली, वळ, दापोडे भागातल्या गोदामांशी भाडं ठरवताना हॉल्टिंगवरून रोज वाद होतात. तिथे तोंडी बोलण्यापेक्षा फाईल दाखवलेली बरी. भाड्याने प्रवासी नेणाऱ्या नव्या चारचाकी गाड्यांना १ जानेवारी २०१९ पासून जागा सांगणारं यंत्र बसवणं बंधनकारकच झालं आहे. रिक्षांना त्यातून सूट आहे. बऱ्याच ट्रान्सपोर्टवाल्यांनी मालाच्या गाड्यांनाही असं यंत्र लावलेलं असतं. म्हणजे भिवंडीच्या कोंडीच्या नोंदी आजही रोज तयार होत आहेत, फक्त त्या आपल्या कामी येत नाहीत. टॉमटॉम या कंपनीच्या २०२४ च्या अहवालात पुण्यात १० किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद लागतात असं आलं आणि आठवडाभर तीच चर्चा चालली. तो आकडाही अशाच गाड्या-फोनच्या नोंदींतून निघालेला.

मोजणीत आपलंही काही उघडं पडेल, याची तयारी हवी. एखाद्या तुकड्यातला विलंब खड्ड्यामुळे किंवा मेट्रोच्या पत्र्यांमुळे नाही, तर दुकानासमोर दुहेरी रांगेत लावलेल्या आपल्याच गाड्यांमुळे आहे असं दिसलं, तर तेही निवेदनात लिहावं लागेल. जुम्याच्या दिवशी दीड-दोन तास कुठल्या रस्त्यावर काय होतं, हेही मोजा. इतरांनी आपल्याबद्दल अंदाजाने बोलण्यापेक्षा आपण स्वतः मोजून बोललेलं चांगलं.

एक सावधगिरी

जी फाईल कोंडी दाखवते तीच तुमचं घर, कामाची जागा, कुठल्या मशिदीत कधी जाता, कोणत्या नातेवाईकाकडे थांबता, हेही दाखवते. आजच्या वातावरणात ही गोष्ट हलक्यात घेऊ नये. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. ८ जुलै २०२४ च्या निकालात याच न्यायालयाने जामिनावरच्या आरोपीलाही ‘मोबाईल नकाशावर तुमचं ठिकाण पोलिसांना सतत दाखवा’ अशी अट घालता येणार नाही, असं ठरवलं. आरोपीला जो हक्क आहे तो आपण व्हॉट्सअॅप ग्रुपवर फुकट वाटून टाकू नये.

म्हणून नोंद घरापासून सुरू करू नका, नाक्यापासून करा आणि नाक्यावरच संपवा. फाईलला चालकाचं नाव देऊ नका, ‘टेम्पो १’, ‘रिक्षा ३’ असं पुरे. थेट लोकेशन कुणालाही पाठवायची गरज नाही, फेरी संपल्यावर फाईल दिली तरी काम होतं. निवेदनासोबत फाइली जोडू नका, तुकड्यांचा तक्ता जोडा: तारीख, वार, वाहन, कुठून कुठे, किती मिनिटं. मूळ फाइली दोघा-तिघा विश्वासू माणसांकडे राहू द्या, विचारणा झालीच तर दाखवता येतील.

रमजानच्या नोंदी मात्र वेगळ्या वहीत ठेवा. असर ते मगरिब या वेळेत त्या महिन्यात बाजारातली गर्दी, घरी पोहोचायची घाई आणि गाड्यांची दिशा सगळंच बदलतं, आणि रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येत असल्याने इफ्तारची वेळही सरकत जाते. या फेऱ्या बाकीच्या महिन्यांत मिसळल्या तर दोन्हीकडचे आकडे बिघडतील.